सत्तावीसशे तेरा उशिरा आला

छापखान्यात त्यांना सगळे 'बरहुकूम' म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते वहीपुरतंच उरलं होतं. एकतीस वर्षं ते एकाच खिडकीशी, एकाच खुर्चीवर बसून मुद्रितं तपासत आले होते. तपासलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'बरहुकूम' असं लिहायचं आणि खाली सही ठोकायची, हा त्यांचा शिरस्ता. अर्थ असा, की हस्तलिखितात जे आहे तेच इथे आहे. हस्तलिखितात शहाणपणा आहे की वेडेपणा, ते पाहणं आपलं काम नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

हे मत त्यांना फुकटात मिळालेलं नव्हतं. चोविसाव्या वर्षी, नोकरीला जेमतेम पाच महिने झाले असताना, नदीवरच्या बोटींचं वेळापत्रक तपासायला आलं. पावणेनऊ, पावणेबारा, पावणेतीन आणि शेवटची बोट मात्र सव्वापाच. तरुण डोक्याला ते खटकलं. कोणालाही न विचारता त्यांनी सव्वापाचचे पावणेसहा केले आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले. पुढच्या आठवड्यात चाळीस-पंचेचाळीस माणसं धक्क्यावर उभी राहून रिकामं पाणी बघत होती, आणि त्यांत मालकांच्या सासूबाई होत्या. नोकरी वाचली ती सासूबाईंमुळेच, कारण त्या त्या दिवशी घरी पोचल्या नाहीत याचं मालकांना फारसं दुःख झालेलं नव्हतं.

बरहुकूमांनी मात्र धसका घेतला तो कायमचा. त्यानंतर कोणी 'सूर्य पश्चिमेला उगवला' असं लिहून पाठवलं असतं, तरी त्यांनी फक्त पश्चिमेची वेलांटी तपासली असती. स्वतःच्या लग्नाची आमंत्रणपत्रिका त्यांनीच तपासली होती. होणाऱ्या सासऱ्यांनी घाईत तारीख चुकीची लिहून दिली होती. ते त्यांना कळलं होतं, पण हस्तलिखितात तीच होती, म्हणून छापली गेलीही तीच. अर्धे पाहुणे एक दिवस आधी येऊन थडकले. सासूबाई आजही जावयाला काही सांगायचं झालं की आधी 'हस्तलिखितात आहे तेच सांगते हं' असं म्हणून सुरुवात करतात.

त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर त्यांची बायको बसत असे. मुद्रित तपासायला माणसं दोन लागतात. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मुद्रितावर डोळे लावून बसायचं. पूर्वीच्या वाचकाचा गळा बसला तो उठलाच नाही, तेव्हा बाई 'आठ दिवसांसाठी' म्हणून आल्या. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. त्यांचा आवाज सपाट, स्वच्छ आणि कंटाळा न येणारा. त्या वाक्यच नव्हे, वाक्यातली सगळी चिन्हंही वाचत, आणि ही सवय घरीही सुटत नसे. भांडण झालं की शेवटचं वाक्य बोलून त्या 'पूर्णविराम' म्हणत आणि उठून स्वयंपाकघरात जात. त्यानंतर बोलायची बरहुकूमांची छाती नसे.

आठ वर्षांपूर्वी छापखान्यात पट्टीमास्तर आले. गणिताचे निवृत्त शिक्षक, कोटाच्या खिशात कायम कात्री. त्यांनी एकपासून एक कोटीपर्यंतच्या संख्यांचं कोष्टक केलं होतं. प्रत्येक संख्येपुढे तिला निःशेष भागणारी सगळ्यात लहान संख्या लिहिलेली, आणि एक व ती स्वतः यांच्याखेरीज भागणारं कोणी नसेलच, तर आडवी रेघ. रेघ म्हणजे मूळ संख्या, कोणाच्या हाती न लागणारी. दोन, तीन आणि पाच यांनी भाग जाणाऱ्या संख्या मास्तरांनी गाळल्या होत्या, कारण त्या बघताक्षणी ओळखता येतात. बाकीच्या दहा खंडांत बसत होत्या. एका खंडात दहा लाखांचा टप्पा, साधारण साडेपाचशे पानं, दर पानावर पाचशे आकडे. 'हे वाचणार कोण?' असं मालकांनी एकदाच विचारलं. 'वाचायचं नसतं, बघायचं असतं,' असं मास्तर म्हणाले, आणि एका संस्थेने छपाई अंगावर घेतलेली असल्यामुळे मालकांनी पुढे काही विचारलं नाही.

पट्टीमास्तर हे नाव त्यांच्या पट्ट्यांवरून पडलं होतं. प्रत्येक भाजकासाठी त्यांनी पुठ्ठ्याची एक पट्टी कापून तिला ठरावीक अंतरावर भोकं पाडली होती. सातची पट्टी, अकराची पट्टी, तेराची पट्टी, अशा चारशेच्या वर. पट्टी कोऱ्या चौकोनांवर ठेवायची, भोकातून रिकामा चौकोन दिसला की त्यात तो भाजक लिहायचा आणि पट्टी पुढे सरकवायची. लहान पट्ट्या आधी, मोठ्या नंतर. सगळ्या फिरवून झाल्यावर जे चौकोन कोणाच्याच भोकात सापडले नाहीत, त्यांत रेघ. मास्तरांनी हे एकोणीस वर्षं केलं होतं. त्यांच्या घरच्यांनी ते एकोणीस वर्षं सहन केलं, त्याचं कोष्टक मात्र कोणी छापलं नाही.

तर हे कोष्टक बाई वाचायच्या. लाख-हजारांचे आकडे रकान्याच्या डोक्यावर असत, ओळीत फक्त शेवटचे तीन. 'तीन एक एक, रेघ. तीन एक सात, एक तीन.' असं दिवसाला चार तास. एवढे आकडे वाचायचे म्हणजे डोकं एकतर झोपी जातं नाहीतर खेळ शोधतं. बाईंनी खेळ शोधला. त्यांच्या लेखी भाजक म्हणजे पाहुणे. सात हा शेजारी, दर सहा-सात आकड्यांनी डोकावणार. अकरा आणि तेरा ही पलीकडच्या गल्लीतली मंडळी. शे-दीडशेवाले लांबचे नातेवाईक, येणार पण कळवून नाही. हजाराच्या वरचे म्हणजे परगावचे चुलते, ते फार तर सणवार असल्यासारखे एकदम दोघे-तिघे यायचे आणि मग आठवडाभर पत्ता नाही.

आणि दर खंडात काही पाहुणे अगदी नवे असत, ज्यांचा आकडा त्याआधी एकदाही वाचलेला नसे. हे नवे रांगेने येत. लहान आधी, मोठा नंतर, कोणी कोणाला ओलांडून येत नसे. नवा पाहुणा आला की काम थांबवून चहा घ्यायचा, असा नियम बाईंनी दुसऱ्या खंडापासून केला. पहिल्या खंडात नवे पाहुणे नुसते लोटले होते. तेव्हा हा नियम असता, तर पहिल्या चार पानांतच वीस कप झाले असते. आठव्या खंडापर्यंत येता येता नवा पाहुणा दोन-तीन दिवसांतून एकदा येऊ लागला होता, त्यामुळे त्या चहाला चव आली होती. बरहुकूम चहाचे शौकीन. 'हा आधी येऊन गेलाय, पण नव्यात धरू या की' अशी लबाडी ते अधूनमधून करून बघत. म्हणून बाईंनी नियमाबरोबरच, दुसऱ्या खंडापासून, एक वही घातली होती. डावीकडे पाहुणा, उजवीकडे तो पहिल्यांदा ज्या संख्येपुढे आला ती संख्या.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आठव्या खंडाचं वाचन चाललं होतं. रकान्याच्या डोक्यावर त्र्याहत्तर लाख शहात्तर हजार.

"सहा चार सात," बाई वाचत होत्या, "दोन सात एक तीन."

बरहुकूमांनी पेन्सिल खाली ठेवली. "नवा! हा आधी आलेला नाही, मी शपथेवर सांगतो. चहा सांगून येतो."

"बसा."

"का?"

"हा पाहुणा नीट आलेला नाही."

बरहुकूम अर्धे उठले होते ते तसेच राहिले. बाईंनी वही उघडली आणि उजवीकडच्या संख्यांवरून बोट फिरवलं.

"नवा पाहुणा सातवर येत नाही," त्या म्हणाल्या. "सातवर नाही, तीनवरही नाही. ज्या संख्येच्या शेवटी एक असतो नाहीतर नऊ असतो, तिथेच नवा येतो. दुसऱ्या खंडापासून वही आहे, एकानेही हे मोडलेलं नाही. हा सातवर आलाय."

"कशावरून असं?"

"कानावरून. आणि दुसरं, याचा जुळा, सत्तावीसशे अकरा, येऊन चौदा पानं झाली. दोघांत दोनाचंच अंतर. असं जुळं असलं, की आता या खंडात दुसरा सहा पानांत हजर होतो. याला एवढा उशीर का?"

बरहुकूमांनी खुर्ची पुढे ओढली. "हस्तलिखितात काय आहे?"

"दोन सात एक तीन."

"मुद्रितातही तेच आहे. मग झालं की. बरहुकूम."

"अहो, इथलं चुकलंय असं मी म्हणतच नाहीये. हा आधीच कुठेतरी येऊन गेलाय आणि तिथे मास्तरांनी रेघ मारलीय. आठ पानं मागे, कालच्या फर्म्यात असणार."

"कालच्या फर्म्यावर माझी सही आहे."

"म्हणूनच सांगतेय. चारला तो मशीनवर चढेल."

फर्मा म्हणजे एका कागदावर एकदम छापायची पानं, आणि तो मशीनवर चढला की चूक कायमची. मास्तरांची एकोणीस वर्षं एका पारड्यात आणि बायकोचा कान दुसऱ्यात, यांत कोणतं पारडं जड हे त्यांना विचारायचीही गरज वाटली नाही. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, तू वाचायचं, मी बघायचं आणि मास्तरांनी बरोबर असायचं. ज्याचं त्याचं काम ठरलेलं आहे."

बाईंनी हस्तलिखिताचा गठ्ठा मिटला. आवाज वाचतानाचाच होता, सपाट.

"सव्वीस वर्षांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, की तुला काय वाटतं. मीही म्हटलं, असू दे, गळा आपला, डोळे त्यांचे. आज पहिल्यांदा मी होऊन काही सांगतेय, तर तुम्ही मला हस्तलिखित दाखवताय. कालचा फर्मा थांबवायचा असेल तर थांबवा. नाहीतर उद्यापासून दुसरी वाचक शोधा. पूर्णविराम."

आणि पिशवी उचलून त्या निघून गेल्या. वही टेबलावरच राहिली.

बरहुकूमांनी आधी असं दाखवलं, की जसं काही झालंच नाही. बघायला कोणी नव्हतं, तरी दाखवलं. पेन्सिलीला टोक केलं. खिडकी थोडी लावली, मग उघडली. दुसरी वाचक शोधायची म्हणजे काय, याचा विचार नको म्हणताना मनात आलाच. एकदा बाई आजारी होत्या तेव्हा जुळाऱ्याने वाचून दाखवलं होतं. खिळे जुळवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण वाचताना तो तिसऱ्या ओळीपासूनच 'वगैरे वगैरे' म्हणायला लागला होता. त्या तीन दिवसांत बरहुकूमांना समोरच्या खुर्चीकडे बघवत नव्हतं. आता ती खुर्ची कायमचीच रिकामी झाली तर? ही भीती नोकरी जायच्या भीतीपेक्षाही मोठी होती, हे त्यांना कबूल करावं लागलं.

त्यांनी वही जवळ ओढली. पाहुणा सत्तावीसशे सात, संख्या ७३,२७,८४९. पाहुणा सत्तावीसशे अकरा, संख्या ७३,४९,५२१. एक आणि नऊ, एक आणि नऊ, पानंच्या पानं. बाई खोटं बोलत नव्हत्या. पण का, हे वहीत लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नसलं की बरहुकूमांचा हात चालत नसे. आयुष्यभर त्यांनी आकडे पाहिले होते, एकमेकांत मिसळले मात्र कधी नव्हते. शाळा सुटल्यापासून त्यांनी भागाकार केलेला नव्हता. घरचा हिशोबसुद्धा बाई करत आणि ते तो तपासत.

त्यांनी मुद्रिताच्या पाठीमागे भागाकार मांडला. ७३,२७,८४९ भागिले २,७०७. सत्तावीसशे सातने भाग जातो एवढं माहीत होतं, उत्तर काय येतं हे पाहायचं होतं. पुष्कळ खाडाखोड झाली. उत्तर आलं सत्तावीसशे सात.

त्यांना वाटलं, आपण प्रश्नच उत्तर म्हणून उतरवला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग सत्तावीसशे अकराचं केलं, उत्तर सत्तावीसशे अकरा. सव्वीसशे नव्व्याण्णवचं केलं, उत्तर सव्वीसशे नव्व्याण्णव. म्हणजे प्रत्येक नवा पाहुणा पहिल्यांदा यायचा तो स्वतःलाच बरोबर घेऊन. साहजिक होतं. त्याला त्याहून लहान कोणाशी गुणलं, तर तो लहानच आधी जागा अडवून बसणार. ज्याला स्वतःच्या नावाने जागा हवी, त्याने स्वतःला स्वतःने गुणल्याशिवाय सोय नाही. एवढी गंमत आठ वर्षं आपल्या नाकासमोर चालली होती आणि आपण चहा पीत बसलो, याचं बरहुकूमांना मनापासून वाईट वाटलं.

मग २,७१३ गुणिले २,७१३. पहिल्यांदा उत्तर आलं ते पाच आकडी होतं. दुसऱ्यांदा आलं त्याच्या शेवटी आठ होते, तेव्हा तीन त्रिक नऊ हे त्यांना स्वतःलाच ऐकवावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी जीभ दातांत धरून एकेक ओळ लिहिली आणि बेरीज केली. त्र्याहत्तर लाख साठ हजार तीनशे एकोणसत्तर.

कालच्या फर्म्याची प्रत कपाटात होती. त्यांनी बोट लावून रकाना शोधला. साठ हजारांचा. तीन सहा नऊ. समोर रेघ.

सत्तावीसशे तेराने स्वतःला गुणून जी संख्या घडवली, तिच्यापुढे 'हिला कोणी भागत नाही' असा शिक्का. शेजारी त्यांच्याच पेन्सिलीची बारीक खूण. पानाच्या कोपऱ्यात बरहुकूम आणि सही.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून मशीनचा आवाज सुरू झाला. चारला पाच कमी होते. बरहुकूम धावले. त्यांना धावताना छापखान्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. जुळाऱ्याला वाटलं आग लागली, आणि तो खिळ्यांचा ट्रे घेऊन दाराशी उभा राहिला.

"थांबव!" ते मशीनवाल्याला म्हणाले.

"काय झालं? कागद वाकडा लागला?"

"चूक आहे."

"मुद्रितात?"

"हस्तलिखितात."

मशीनवाल्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ताप वगैरे आहे का, ते बघत असावा. "यावर तुमची सही आहे, काका."

"माझीच आहे. ती सही चुकली."

मशीन थांबलं. एकदम एवढी शांतता झाली, की मालक आपल्या खोलीतून चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "बरहुकूम, हे त्या बोटीसारखं तर नाही ना?"

कान लाल झाले, तरी बरहुकूम हलले नाहीत. "तेव्हा मी कोणाला विचारलं नव्हतं, मालक. या वेळी मला आमच्या घरातून सांगितलं गेलंय, आणि मी तीनदा गुणून पाहिलंय."

"तीनदाही तेच उत्तर आलं?"

"नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले, "पण तिसरं पटलं."

मालकांनी स्वतः चौथ्यांदा गुणलं. मग तेवढ्यात छापून झालेले पंधरा-वीस कागद बाजूला काढायला सांगितलं आणि मास्तरांकडे निरोप धाडला.

घरी बाई पडद्याचं शिवण उसवत बसल्या होत्या. बरहुकूम दारात उभे राहिले. वाटेत त्यांनी तीन-चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी ऐन वेळी पळाली.

"फर्मा थांबवला," ते म्हणाले.

"हं," बाई म्हणाल्या. दोरा तोडला. "उद्या किती वाजता निघायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीमास्तर पट्ट्यांची पेटी छातीशी धरून आले. रागावलेले होते. अशक्य आहे, म्हणाले. एकोणीस वर्षं, म्हणाले. मग त्यांनी सत्तावीसशे तेराची पट्टी काढून उलटी केली. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर, ती पहिल्यांदा कुठे ठेवायची, ती संख्या लिहिलेली असे. ती त्या भाजकाचा वर्ग असायला हवी. सत्तावीसशे तेराच्या पाठीवर होतं ७३,७६,६४७. ती या भाजकाला मिळणाऱ्या दुसऱ्या रिकाम्या चौकोनाची संख्या होती. पहिल्या, वर्गाच्या चौकोनावर पट्टी ठेवलीच गेली नव्हती.

मास्तरांनी सत्तावीसशे अकराची पट्टी काढून तिच्याशेजारी ठेवली.

"जुळे," ते शेवटी म्हणाले. "सत्तावीसशे अकराचा वर्ग मांडला आणि त्याच्यापुढे खूण केली. दोघांचे आकडे एकसारखे, दोघांच्या पट्ट्या शेजारी. याचाही मांडून झालाय असं धरून मी पुढच्या घरावर गेलो." मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अशा जोड्या कितीतरी आहेत. आणखी कुठे असंच केलं असेल तर? सात खंड लोकांच्या हातात गेलेत."

"बाकीचे सगळे वेळेवर आलेत," बाई म्हणाल्या. "पहिल्या खंडाचं मी सांगू शकत नाही, तेव्हा वही नव्हती. पण दुसऱ्यापासून प्रत्येकाचा चहा प्यायलेय मी."

मास्तरांना आधी काही समजलं नाही. वही हातात घेतल्यावर समजलं. ते उभ्याउभ्याच पानं उलटत गेले, मध्येच ओठ हलवून गुणाकार करत, आणि प्रत्येक ओळीगणिक त्यांचे खांदे थोडे खाली येत गेले. शेवटच्या पानावर ते बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"हे तुमच्या लक्षात कसं आलं?" त्यांनी बरहुकूमांना विचारलं.

"माझ्या नाही. हिच्या," बरहुकूम म्हणाले.

मास्तरांनी बाईंना समजावून सांगितलं, की तीन त्रिक नऊ, साती साती एकोणपन्नास, नवा नवा एक्याऐंशी, एक एके एक. म्हणून अशा संख्यांच्या वर्गाच्या शेवटी एक किंवा नऊच येणार, दुसरं काही येऊच शकत नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मला माहीत होतं तेच," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं. मला फक्त सिद्ध करता येतं," मास्तर म्हणाले, आणि असं म्हणायला त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या कात्रीशी चाळा करणाऱ्या बोटांवरून कळत होतं. मग त्यांनी विनंती केली. नववा आणि दहावा खंड अजून हस्तलिखितातच होते. जुळवायला देण्याआधी बाईंनी ते एकदा ऐकावेत. तपासायचं नाही, ताडायचं नाही, नुसतं ऐकायचं. आणि जिथे कानाला खटकेल तिथे खूण करायची.

आता ऐकायचं बाईंनी म्हटल्यावर वाचायचं कोणी? जुळाऱ्याचं नाव निघालं, पण 'वगैरे' आठवून मागे पडलं. अशा रीतीने सव्वीस वर्षांनी खुर्च्या बदलल्या. बाई खिडकीशी बसल्या, हातात पेन्सिल. बरहुकूम समोर बसले, हातात गठ्ठा.

ते फार वाईट वाचत. पहिल्याच रकान्यात दोनदा ओळ चुकली, तीनदा खोकला आला, आणि 'रेघ' हा शब्द ते असा ओढत की ती पानाबाहेर जाईल असं वाटे. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. रकाना संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर."

बरहुकूम थांबले.

इथे या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. मुद्रित बघणारा बोलतो तो फक्त चूक सापडली की. बरोबर असेल तर त्याने गप्प राहायचं. त्याचं गप्प राहणं हेच 'बरोबर', आणि वाचणाऱ्याने ते ओळखून पुढे जायचं. बरहुकूमांच्या अंगात ही रीत इतकी मुरली होती, की घरीही ते तसेच वागत. भाजीत मीठ जास्त झालं तर सांगत, भाजी छान झाली तर गप्प. बाईंनी एकटीने झटून सगळं घर रंगवून घेतलं, तेव्हा दाराच्या कोपऱ्यात राहिलेला रुपयाएवढा डाग त्यांनी दाखवला होता, आणि उरलेल्या चार खोल्यांबद्दल ते आपले समाधानाने गप्प होते.

"असं म्हणायचं नसतं," ते बायकोला म्हणाले. "बरोबर असेल तर गप्प राहायचं."

"ती तुमची पद्धत. वाचा पुढे."

ते वाचू लागले. दुसरा रकाना संपला. "बरोबर," बाई म्हणाल्या. तिसरा संपला. "बरोबर." चौथ्या रकान्यात बरहुकूमांच्या ध्यानात आलं, की शेवट जवळ आला की आपण भरभर वाचतोय. त्या एका शब्दापाशी पोचायची घाई झालीय. पंचावन्न वर्षांचा माणूस, आणि त्याला कोणीतरी 'बरोबर' म्हणावं म्हणून जीव टाकतोय. त्यांना हसू आलं, आणि लगेच हसू गेलं. कारण समोरच्या बाईने सव्वीस वर्षं रकान्यामागून रकाने वाचले होते, आणि प्रत्येक रकान्याच्या शेवटी तिला समोरून काहीही ऐकू आलेलं नव्हतं.

त्यांनी गठ्ठा मांडीवर ठेवला. घसा खाकरला.

"अगं, ते त्या दिवसाचं. तू म्हणालीस ना, आधीच येऊन गेलाय म्हणून." पुन्हा खोकला आला. "तुझं बरोबर होतं. नेहमीच असायचं. मी म्हटलं नाही."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली होती.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.

"काय, रकाना?"

"नाही. आत्ता म्हणालात ते. मध्ये खोकलात, मला नीट ऐकू आलं नाही."

बरहुकूमांनी ते पुन्हा सांगितलं, या वेळी न खोकता आणि एकही शब्द न गाळता.